ठावठिकाणा, पाच ते सहा

२ एप्रिल, मंगळवार

सकाळची नाडी ४६.

लाल वहीत ४६ लिहिलं, इथेही ४६. आज दोन्ही वह्यांचं जमलं. लाल वही कोचची: किती किलोमीटर, किती वेळ, किती झोप, उठल्याबरोबर नाडी किती. रविवारी तो ती तपासतो आणि शाळेतल्या मास्तरासारखी खाली सही करतो. ही निळी वही माझी. ती मक्याच्या पिठाच्या पोत्यात तळाशी असते. नहाशोन जगात कुठेही हात घालेल, पिठात घालायचा नाही. त्या पिठाची उगाली त्याला ताटात आयती लागते.

नहाशोन माझा नवरा आणि कोचही; लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी त्याला कोचच म्हणते. तोंडावर 'तुम्ही' आणि वहीत 'तो'. वहीत तरी मी मोठी.

वही सुरू केली ती भीतीपोटी, हे लिहून टाकते एकदाचं. फेब्रुवारीत तपासणीवाले इटेन गावातल्या आमच्या घरी आले आणि मी घरी नव्हते. आम्हा पदकवाल्यांना रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो, की या तासात मी या पत्त्यावर सापडेन. माझा तास पहाटे पाच ते सहा. ते न सांगता येतात, लघवी घेतात, रक्त घेतात, आणि कुणी औषधं घेऊन पळतं का ते बघतात. आले आणि मी नसले तर एक चूक. वर्षात तीन चुका झाल्या की दोन वर्षं मैदान बंद. लोक म्हणणार, नक्कीच काहीतरी घेत असणार. मला आता एकतिसावं चालू आहे. दोन वर्षांनी कोण मला विचारतो?

त्या दिवशी आम्ही शेतावर होतो आणि फोनवर पत्ता बदलायचा राहिला. पत्ता कोच भरतो, माझा फोन त्याच्याकडेच असतो. पण तो म्हणाला, "मला आठवण कुणी करून द्यायची? पदक तुझं आहे की माझं?"

खरं आहे. मी विसरले.

१४ एप्रिल, रविवार

नाडी ४८.

चर्चमध्ये मुलांनी घेरलं. मावशी, पाण्यात पडल्याची गोष्ट सांगा. शंभरदा सांगून झाली आहे, तरी सांगितली. आमच्या घराची आणि शाळेची वाट ओढ्यानं तोडलेली होती. पुलावरून गेलं तर उशीर, उशीर झाला की छडी. म्हणून मी ओढा उडी मारून ओलांडायची, दप्तर डोक्यावर. पुढे कुणीतरी मला स्टीपलचेसची शर्यत दाखवली. पाच लाकडी अडथळे, त्यातल्या एकाच्या पुढे पाण्याचा खड्डा. मला हसू आलं. एवढंच? आणि याचं पदक देतात?

दोन वर्षांपूर्वी जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत मात्र चौथ्या फेरीला पाय घसरला आणि मी त्या खड्ड्यात तोंडावर आपटले. उठले तेव्हा सात जणी पुढे होत्या. सातही मागे टाकल्या. कशा, ते मला आजही सांगता येत नाही.

एल्डोरेटच्या विमानतळावर आईनं मुरसिकचा भोपळा पुढे केला. कोळशाची पूड घातलेलं ते आंबट दूध प्यायल्याशिवाय आमच्याकडे कुणी विजेता घरी आला असं मानत नाहीत. वर्तमानपत्रातल्या फोटोत भोपळा नहाशोननं धरलाय आणि मी त्याच्या कोपराआडून डोकावतेय.

जेबेट माझ्याबरोबर सराव करते आणि कुणाची भीड ठेवत नाही. फोटो बघून म्हणाली, "बाई गं, पाण्यात पडलीस तू आणि ओला झाला तो!"

२७ एप्रिल, शनिवार

नाडी ५५. लाल वहीत ४७ लिहिलं.

दुसरी चूक झाली. काल पहाटे ते इटेनला आले आणि मी शेतावर. काळजात धस्स झालं ते अजून बसलेलं नाही. गुरुवारी कोचनं लोहाची सुई दिली होती, मग म्हणाला चल, शेतावरची हवा चांगली, दोन दिवस विश्रांती घे. मी विचारलं होतं, "पत्ता?" तो म्हणाला, "बदलला." आता म्हणतो नेटवर्क नव्हतं, गेलाच नसेल. "तू सकाळी पुन्हा विचारायला नको होतंस? मी काय काय बघू?"

आणखी एक, आणि संपलं.

मला त्या शेताचीच भीती वाटायला लागली आहे. कोगो ताब्रांदिच, म्हणजे ताब्रांदिच आजी, या म्हातारीकडून तो तुकडा घेतला. ती शेजारीच राहते, एक गाय आहे. आम्ही गेलो की कुंपणाशी येऊन बसते आणि माझ्याकडे बघत ओठातल्या ओठात पुटपुटते. नहाशोन म्हणतो तिला जमीन विकल्याचा पस्तावा झालाय, ती शाप देते. मी शिकलेली बाई आहे, तीन खंडांत विमानानं फिरलेली आहे. पण म्हाताऱ्या बाईच्या शापाला आमच्याकडे पोलीसही घाबरतात.

९ मे, गुरुवार

नाडी ५८. लाल वहीत ४६.

आज रस्त्यावर तीस किलोमीटर. डावा डोळा अर्धाच उघडत होता, त्यामुळे उतारावर सांभाळून. जेबेटनं विचारलं काय झालं. काल अडथळ्यावर आपटले म्हटलं.

ती म्हणाली, "काल? काल तर आपण टेकडीवर होतो. टेकडीवर अडथळा कुणी नेऊन ठेवला?"

"घरी गं. घरच्या दारावर."

"मग दाराला सांग, पुन्हा लागलं तर जेबेट येऊन बिजागऱ्या काढेल."

मी हसले. हसताना गाल दुखला. चूक माझीच होती, मी फोन मागितला. शर्यतीच्या दिवसांत फोन नको असं ठरलेलं असताना कशाला मागायचा? तोही ताणाखाली आहे. निवड चाचणी तोंडावर आली आहे, आणि माझ्या दोन चुकांनी त्याची झोप उडाली आहे.

२१ मे, मंगळवार

नाडी ५१. लाल वहीत ४५.

आईकडे जाऊन आले, एक रात्र. माझी मुलगी जेरुतो चार वर्षांची झाली. सराव असला की ती आईकडेच असते, म्हणजे नेहमीच. तिनं मला तिची शेळी दाखवली आणि विचारलं, "तू आज पण पाहुणी?"

तिथे उठल्यावर नाडी लगेच उतरली. हवा असेल.

रात्री चुलीपाशी आईला म्हटलं, थोडे दिवस इथेच राहू का? आई भाजी ढवळत राहिली. मग म्हणाली, "मारतो का?"

"नाही. म्हणजे तसं नाही."

"पाहुणी आलीस तर दूध देईन, पोरी. राहायला आलीस तर उद्या वडीलधारी मंडळी झाडाखाली बसतील आणि मला विचारतील, जावयानं लग्नात दिलेल्या गायी तुझ्या गोठ्यात, मग मुलगी तुझ्या घरात कशी? मी एकटी बाई काय सांगू त्यांना?"

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सकाळी आई रस्त्यापर्यंत आली, माझ्या तळहातावर थुंकून आशीर्वाद दिला आणि हात सोडेना. शेवटी मीच सोडवून घेतला.

१ जून, शनिवार

नाडी ६३. लाल वहीत ४६.

डोकं ठणकतंय. काल संध्याकाळी पुन्हा सुई. मी म्हटलं, लोहाची पेटी तर स्वयंपाकघरात असते, ही फ्रिजमध्ये का ठेवता? तो म्हणाला, "डॉक्टर झालीस का? नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला." मग दंड धरला. मी दुसरीकडे बघत राहिले.

पाद्रीबुवांना भेटायचं ठरवलंय. शाप उतरवायची प्रार्थना असते म्हणतात. ते विचारतील कधी काय झालं, म्हणून या वहीतून तारखा काढते आहे. एका कागदावर सगळे वाईट दिवस.

नंतर, त्याच दिवशी.

कागद फाडला.

फेब्रुवारीची पहिली चूक वही सुरू व्हायच्या आधीची, पण ती मला लख्ख आठवते. दोन दिवस आधी सुई, मग शेत, मग तपासणीवाले. एप्रिलमध्ये गुरुवारी सुई, शेत, शुक्रवारी तपासणीवाले. लाल वहीत मार्चचे दोन कोरे दिवस दिसले आणि आठवलं, तेव्हाही सुई, शेत, आणि कुणी आलं नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी आधी सुई आहे, आणि ती लोहाची नाही. म्हातारी सगळ्यात शेवटी येते.

आत्ता तो अंघोळ करतोय. गाणं म्हणतोय. माझे दात वाजताहेत आणि बाहेर ऊन आहे.

२ जून, रविवार

नाडी मोजता आली नाही. दोनदा सुरुवात केली, दोनदा आकडा चुकला.

चर्चबाहेर जेबेट म्हणाली, "पहाटेची बाई गावात आहे बरं. काल माझ्याकडे येऊन गेली. अजून दोन दिवस आहे म्हणे." पहाटेची बाई म्हणजे अकिन्यी, नैरोबीची तपासणी अधिकारी. उंच, जाड चष्मा, कधी हसत नाही. लघवी करतानासुद्धा समोर उभी राहून बघते, तो तिचा नियम आहे. गेली सात वर्षं मी तिचा मनापासून तिरस्कार करत आले.

घरी येताच नहाशोन म्हणाला, "पिशवी भर. शेतावर."

गाडीत त्यानं पेट्रोल भरायला उतरताना माझा फोन सीटवर टाकला. तो उजळला. उद्याचा ठावठिकाणा, आठवण: इटेन, निळं फाटक, पाच ते सहा.

तो परत आल्यावर मी अगदी साधेपणानं विचारलं, "पत्ता बदललात ना?"

"बदलला की. शेताचाच आहे."

इतकं सरळ खोटं त्यानं याआधी कितीदा सांगितलं असेल आणि मी किती वेळा माफी मागितली असेल! दोन्ही वेळा मी विसरले नव्हते. एकदाही नाही. तिसऱ्या चुकीत फक्त माझं नाव जातं, विसराळू बाई म्हणून. सुई सापडली तर लोक विचारतील, टोचली कुणी?

मला शेतावरच्या खोलीत सोडून तो आता एल्डोरेटला कुणाला तरी भेटायला निघालाय, सकाळी येईन म्हणतो. बाहेरून कुलूप लावतोय. चोरांसाठी, म्हणे. वही पोटाशी, पट्ट्यात खोचली आहे. देवा, मला फार भीती वाटते.

४ जून, मंगळवार

कालचं सगळं आज लिहिते आहे, क्रमानं, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही.

साडेचारला मनगटावरच्या घड्याळानं उठवलं. खरं तर मी झोपलेच नव्हते. खिडकीला गज, दाराला कुलूप. शेतापासून इटेनचं घर तेरा किलोमीटर. दारावर धडका दिल्या, ओरडले. मग बाहेरून आवाज आला, "कोण गं ते?"

कोगो ताब्रांदिच. गाईची धार काढायला उठली होती. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, आगीतून फुफाट्यात.

"कोगो, मला शाप देऊ नका. दार उघडा फक्त."

"शाप? कसला शाप?"

"जमीन घेतली म्हणून. तुम्ही मला बघून पुटपुटता."

मग ती म्हातारी चिडली. "अगं मूर्ख मुली! जमीन मी माझ्या राजीखुशीनं विकली, वर एक वासरू घेतलं. मी पुटपुटते ते देवाला विचारते, की येताना ही पोर चालत येते आणि जाताना हिला धरून का न्यावं लागतं? तुझ्या माणसाला विचारलं तर म्हणाला, वेडी आहे."

तिनं कोयता आणला. कुलूप तुटण्यातलं नव्हतं, पण कडी साध्या लाकडात ठोकलेली. आतून मी ढकलत होते, बाहेरून ती कोयता घालून उचकटत होती, आणि सगळा वेळ नहाशोनच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती. कडी निघाली तेव्हा घड्याळात चार अठ्ठावन्न. तिनं माझ्या छातीवर थुंकून आशीर्वाद दिला. "पळ. तुला तेवढंच चांगलं येतं."

आयुष्यात इतकी वाईट धावले नव्हते. अंधार, चिखल, डोक्यात घण पडताहेत, मागून दिवा दिसला की बांधाआड आडवी. दोनदा पडले. आठव्या किलोमीटरच्या आसपास डोक्यात उजेड पडला आणि मी थांबलेच. मी कुठे पळते आहे? ती सुई अजून माझ्या रक्तात आहे. वेळेवर पोचले तर पकडली जाणार, नाही पोचले तर तिसरी चूक. दोन्हीकडून मैदान बंद. आतापर्यंत सगळ्या शर्यती सुटण्यासाठी धावले आणि ही सापडण्यासाठी. रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं रडले. मग वाटलं, निदान कुणाला तरी नक्की ठाऊक असेल की मी कुठे आहे. तेवढ्यासाठी निघाले.

निळ्या फाटकाशी पाच चौपन्नला पोचले. अकिन्यी गाडीला टेकून उभी होती, हातात घड्याळ. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं.

"जेलागाट. सहा मिनिटं राखून," माझं नाव घेऊन एवढंच म्हणाली.

रक्त दिलं. लघवी होईना, अंगात पाणीच नव्हतं. व्हरांड्यात बसून मी बाटलीमागून बाटली प्यायला लागले आणि ती समोर बसली. सातला नहाशोनची गाडी आली. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, पण लगेच हसला. लोकांसमोर तो फार छान हसतो.

"बाई, दोन मिनिटं. बायकोशी आत बोलायचंय."

अकिन्यी उठलीही नाही. "नमुना मिळेपर्यंत खेळाडू माझ्या नजरेआड जात नाही. नियम आहे."

"मग मी तिचा प्रतिनिधी म्हणून बसतो. तोही नियमच आहे."

"आहे. खेळाडूला हवा असेल तर." आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

तो माझ्याकडे बघत होता, तसाच हसत. मी त्याच्या बुटांकडे बघून म्हटलं, "मला प्रतिनिधी नको."

सहा वर्षांत त्याला 'नको' म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तो फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसला. गेला नाही. आणि मला कळलं की ज्या क्षणी मी ती बाटली भरेन, त्या क्षणी अकिन्यीचं काम संपेल, ती गाडीत बसून निघून जाईल. म्हणून मी लघवी रोखून धरली. आठ वाजता लागली होती. नऊला पोट फुटायची वेळ. अकिन्यीनं विचारलं, "अजून नाही?" मी म्हटलं, "अजून नाही." मी मांड्या आवळून बसले होते आणि घाम गळत होता. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. "वेळ लागणार असेल तर कुणाला कळवायचंय का? मला घाई नाही. मी सात वर्षांत तुला इतका वेळ लागलेला बघितला नाही, पण मला घाई नाही."

जेबेटला फोन केला. तिला तीनच शब्द सांगितले: आईला घेऊन ये.

अकराला आई आली. एकटी नव्हती. जेबेट होतीच, आणि कोकवेतमधली, म्हणजे झाडाखालच्या पंचायतीतली, चार म्हातारी माणसं आपापल्या काठ्या घेऊन एका मॅटाटूतून, भाड्याच्या छोट्या बसमधून, उतरली. आई त्यांच्याशी भांडत भांडतच येत होती. "गायी? घेऊन जाऊ द्या त्याला त्याच्या गायी! आजच न्याव्यात! गोठा झाडून देते!" फाटकाबाहेरची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग दूर गेला.

तेव्हा कुठे मी उठले. अकिन्यी नेहमीसारखी समोर उभी राहिली. बाटली भरली, दुसरी भरली, तरी थांबेना. मला हसू फुटलं, रडू फुटलं, आणि ती बाई, शपथेवर सांगते, पहिल्यांदा हसली.

मग फॉर्म. एक रकाना असतो: गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं. सात वर्षं मी तिथे 'लोह' लिहीत आले. काल लिहिलं: सुई, शुक्रवारी संध्याकाळी, नाव माहीत नाही, फ्रिजमध्ये ठेवलेली. पतीनं दिली. यापूर्वी तीनदा, तारखा देऊ शकते. पोटाशी खोचलेली वही काढली. घामानं पानं चिकटली होती, पण अक्षर लागत होतं.

अकिन्यीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "याचा अर्थ तुला कळतो? आता ही निवड चाचणी नाही. कदाचित पुढची वर्षंही नाहीत."

"कळतो."

"ठीक आहे." तिनं सही केली. मग तिच्या फोनवर माझ्या ठावठिकाण्याच्या खात्याचा नवा पासवर्ड माझ्याकडून टाकून घेतला, स्वतः तोंड फिरवून. "उद्याचा ठावठिकाणा?"

मी आईच्या गावाचं नाव लिहिलं. ओढ्यापलीकडचं घर, शेळी बांधलेली असते ते. पाच ते सहा.

काल रात्री इथे चुलीपाशी झोपले. भीती गेलेली नाही. त्याला हे घर माहीत आहे. दार वाजलं की अंगावर काटा येतो, आणि बाहेर दोन म्हातारे काठ्या घेऊन आळीपाळीनं बसले आहेत, त्यातला एक घोरतो. आज पहाटे पाचला उठले. कुणी आलं नाही. तरी सहापर्यंत दाराशी बसून राहिले, कारण तसं लिहून दिलंय.

जेरुतो डोळे चोळत बाहेर आली आणि माझ्या मांडीवर बसली. तिला माझ्या मनगटावर दोन बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. तिला वीसपर्यंतच मोजता येतं, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. मिनिटात तिचे दोन वीस झाले आणि वर अकरा.

नाडी ५१. लाल वही शेतावर राहिली.